सत्कार पुरे, आधी उतार बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ डिसेंबरच्या अंकात, आतल्या पानावर उजवीकडे वरती, आपण एक फोटो छापला होता. चार तरुण मुलं एका बाईला व्हीलचेअरसकट उचलून स्टेजवर नेताहेत. बाई हसते आहे. खाली ओळ, 'जिद्दीला सलाम'.

ती बाई मी. आणि मी हसत नव्हते. डावीकडून धरलेल्या मुलाचा पाय तिसऱ्या पायरीवर सटकला, खुर्ची कलली आणि घाबरून माझे दात दिसले. तेवढ्यात आपल्या फोटोग्राफरने बटण दाबलं. त्यांना दोष देत नाही, लांबून ते हसूच वाटलं असणार.

हकीकत अशी. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. त्यानिमित्त एका संस्थेने (नाव लिहीत नाही, मंडळी भली आहेत) माझा सत्कार ठेवला. कशाबद्दल, तर मी सदतीस वर्षं बँकेत नोकरी केली म्हणून. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकोणचाळीस वर्षं केली, त्यांना कुणी शाल दिल्याचं ऐकिवात नाही. सभागृहात पुढून शिरायला सात पायऱ्या. त्या टाळायच्या तर मागच्या अंगाला, पार्किंगच्या बाजूने एक दार आहे. त्या दाराला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ चहाला गेलेले. अंगावर ठेवणीतली इरकल, हातात आमंत्रणपत्रिका, अशी मी पंचवीस मिनिटं दोन स्कूटरींच्या मधे बसून होते. आत गेल्यावर दिसलं की स्टेजला आणखी सहा पायऱ्या आहेत. मी म्हटलं, काय द्यायचं ते मला इथे खालीच द्या. तर निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "असं कसं काकू, तुमच्यासाठीच तर कार्यक्रम आहे!" आणि चौघं पुढे आले.

संपादकसाहेब, चौघांनी उचलायची वेळ माणसावर एकदाच येते, आणि ती आल्याचं त्याला कळत नसतं ही देवाची कृपा. मला त्या दिवशी ते दोनदा झालं, चढताना आणि उतरताना, पूर्ण शुद्धीत. उतरताना नारळ मांडीवरून निसटला आणि गडगडत पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला. लोक हसले. तेव्हा मात्र मीही हसले, पण तो फोटो आला नाही.

पत्र लिहायला बसले ते त्या खालच्या ओळीमुळे. दर ३ डिसेंबरला वर्तमानपत्रांत ही जिद्द उगवते आणि ५ तारखेला मावळते. तिच्याबद्दल थोडं सांगते.

मी १९६२ सालची. दीड वर्षाची असताना ताप आला, आणि उतरताना डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पोलिओ. देशभर बूथ मांडून पोलिओचे थेंब पाजायची मोहीम सुरू झाली ती १९९५ मध्ये, म्हणजे आमचं व्हायचं ते होऊन गेल्यावर. (देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. चांगलंच झालं. फक्त आता पायाला आधार द्यायचा धड कॅलिपर बनवणारा कारागीर शोधावा लागतो.) सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली अंगणात लंगडी खेळायच्या. धडधाकट दोन पाय असलेल्या चाळीस मुली मुद्दाम एक पाय दुमडून उड्या मारायच्या, आणि जिला खरोखरच एक पाय होता ती मी पायरीवर बसून त्यांच्या चपला राखायची. आजही कुठे लंगडीचा डाव दिसला की मला गंमत वाटते.

जिद्द नव्हती असं नाही. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्यापाशी लॉक, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट असला कॅलिपर रोज सकाळी चढवायचा, पावसाळ्यात फुगलेल्या चामड्याचा वास सहन करायचा, याला थोडी लागते. पण मी बँकेत लागले ती जिद्दीवर नव्हे. १९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा ठेवल्या, त्यातून मी १९८५ ला लागले. ऑफिसात माझं नावच पडलं होतं, 'तीन टक्के'. "तीन टक्के आल्या का?" "हे व्हाउचर तीन टक्क्यांकडे द्या." वाईट मनाने कुणी म्हणत नसे. पुण्यात वाईट मनाने कुणीच काही म्हणत नाही.

आमच्या शाखेतले टेलिफोन ऑपरेटर पूर्ण अंध होते. कोरेगाव पार्कच्या अंधशाळेत शिकलेले (शाळा १९३४ सालची). वेताची खुर्ची विणण्यात तरबेज. मॅनेजरच्या खुर्चीचं वेत तुटलं तर शिपाई ती गुपचूप त्यांच्याकडे आणून ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत मला पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हे टक्के सरकारला स्वप्नात सुचले?" आणि मग त्यांनी १६ मार्च १९८० ची गोष्ट सांगितली. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांची स्वतःची संघटना, १९७० मध्ये स्थापन झालेली. त्या दिवशी दिल्लीत अंधांचा मोर्चा निघाला होता आणि त्याच्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ऑपरेटर स्वतः तिथे नव्हते, पण ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "पोलिसाची काठी आम्हाला दिसत नव्हती हे ठीक," ते म्हणायचे, "पण आमची पांढरी काठी त्यांना दिसली नाही का हो?" एवढं बोलून डबा बंद करायचे आणि पुन्हा हेडफोन चढवायचे. पुढे मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक निघालं, १५ फेब्रुवारी २००८ ला, स्वागत थोरातांनी काढलं. तेव्हा हे निवृत्त झाले होते. मला फोन करून म्हणाले, "आता मी पेपर वाचतो. तुम्हाला वाचून दाखवू?"

मी तेव्हापासून हे सगळं गोळा करायला लागले. टाळेबंदीत तर दुसरा उद्योगच नव्हता. आणि एक साल पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं, १९७२.

आपल्याकडे बाहत्तर म्हटलं की दुष्काळ. मी दहा वर्षांची होते, रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी घशाखाली उतरत नसत ते अजून आठवतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत हायडेलबर्गला मुरलीकांत पेटकर पन्नास मीटर पोहले, ३७.३३ सेकंदांत, आणि त्यांनी पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक आणलं. आपला सांगली जिल्ह्यातला माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सैनिक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पन्नास मीटरला सदतीस सेकंद, आणि दिल्लीला पोचायला शेहेचाळीस वर्षं! २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा माझ्या भाच्याने मला विचारलं, "मावशी, हे खरे होते?" म्हटलं, आहेत, पुण्यातच राहतात.

त्याच बाहत्तरमध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या आपल्या मुलीला कुठलीच शाळा घेईना म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कलीला अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र निघालं. त्यामागचा मुख्य माणूस एड रॉबर्ट्स. त्याचा आजार माझाच, पण मानेपासून खाली. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, झोपताना श्वासासाठी लोखंडी फुप्फुसाच्या पिंपात पडून राहावं लागे. तो १९६२ मध्ये, म्हणजे माझ्या जन्मसाली, विद्यापीठात दाखल झाला तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राने मथळा दिला होता, त्याचा अर्थ साधारण असा, 'असहाय पांगळा विद्यापीठात शिकतोय'. आपली 'जिद्दीला सलाम' ही ओळ त्या मथळ्याची धाकटी बहीण आहे, रागावू नका. ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने हा मुलगा कामाचा नाही असा शेरा मारला होता, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून तो १९७५ मध्ये जाऊन बसला. असा न्याय मी सरकारदरबारी दुसरा पाहिला नाही.

आणि बाहत्तरमधली चौथी गोष्ट, जी मला आपल्याला मुद्दाम सांगायची आहे. २० सप्टेंबर १९७२ ला इंग्लंडच्या 'गार्डियन'मध्ये पॉल हंट नावाच्या माणसाचं एक पत्र छापून आलं. संपादकांना पत्र, हे आहे तसंच. फार लांब नव्हतं (माझं आहे, माहीत आहे). हंट स्वतः व्हीलचेअरवर, स्नायूंचा आजार असलेले, कित्येक वर्षं अपंगांच्या निवासी संस्थेत राहिलेले. त्यांनी लिहिलं की आमच्यासारख्यांना लांब कुठेतरी संस्थांमध्ये ठेवलं जातं, आमचं मत कुणी विचारत नाही, तर ज्यांना यावर काही करायचं असेल त्यांनी माझ्याशी पत्रव्यवहार करावा. लोकांनी केला. त्यातून एक संघटना उभी राहिली आणि १९७६ मध्ये तिने एक लहानशी पुस्तिका काढली. त्यातला विचार तेव्हा जगाला नवा होता. पाय चालत नाही ही शरीराची गोष्ट आहे, पण मला अपंग करतो तो समाज. हंटच्या जोडीला व्हिक फिंकेलस्टीन होते, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढून तुरुंगात जाऊन आलेले. कुणाला कुठे बसू द्यायचं हे समाज कसा ठरवतो ते त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसणार. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी याला 'सोशल मॉडेल' असं नाव दिलं.

हे मला सभागृहातल्या त्या सहा पायऱ्यांसमोर फार छान समजलं. स्टेजखाली मी एक निवृत्त बँक कर्मचारी होते, बरी इरकल नेसलेली. पहिल्या पायरीशी मी अपंग झाले, आणि तिसऱ्या पायरीवर 'जिद्द' झाले.

तरी मला यातलं सगळंच पटतं असं नाही. चाळीस वर्षांनी पोलिओ परत डोकं काढतो, जे स्नायू इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम करत आले ते थकतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. मी व्हीलचेअरवर आले ती त्यामुळे. रात्री उजव्या खांद्यात कळ येते ती काही समाजाने आणलेली नाही, आणि कॅलिपरने मांडीला पाडलेला घट्टा कुठल्याही उताराने जायचा नाही. पण खांद्याला गोळी आहे. पायरीला गोळी नाही.

अमेरिकेतली आणखी एक हकीकत सांगते आणि तिकडचा विषय संपवते. तिथे १९७३ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कुणालाही अपंगांशी भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला, नियमांवर सही होईना. चार वर्षं. (ओळखीचं वाटतंय?) शेवटी ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभराहून जास्त अपंग शिरले आणि बसले ते जवळजवळ चार आठवडे हललेच नाहीत. ज्यूडी ह्यूमन त्यांच्या पुढारी, त्याही पोलिओवाल्या. रात्री कूस बदलायला ज्यांना माणूस लागतो असे लोक जमिनीवर झोपले. फोन तोडले तेव्हा कर्णबधिरांनी खिडकीतून हातवारे करून बाहेर निरोप दिले. त्या दिवशी सगळ्या इमारतीत बोलता येत होतं ते फक्त त्यांना! आणि जेवण? ते ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने पोचवलं, रोज, गरम. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आपलं पिठलं-भाकरीचं पातेलंच येतं, काय करणार. २८ एप्रिलला सही झाली.

आपल्याकडे अशी सही व्हायला डिसेंबर १९९५ उजाडला. अपंगांसाठीचा पहिला कायदा संसदेत मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. तो काही आपोआप आला नाही. दिल्लीच्या रस्त्यावर कुबड्या आणि व्हीलचेअर घेऊन जे उतरले त्यांत जावेद अबिदी होते, पाठीच्या कण्याचा जन्मजात आजार असलेले. २०१८ मध्ये ते गेले, जेमतेम पन्नाशी ओलांडलेले. आपल्या पुरवणीत त्यांच्यावर कधी चार ओळी आल्याचं माझ्या वाचनात नाही. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले आणि त्यांना जुन्या वास्तू बघायच्या होत्या, तेव्हा कुतुबमिनार, जंतर मंतर अशा ठिकाणी घाईघाईने लाकडी उतार टाकले गेले. मागे लागले होते अबिदीच. एका थोर पाहुण्यासाठी जे चार दिवसांत जमलं, ते इथल्यांसाठी पन्नास वर्षांत जमलं नव्हतं.

त्याच वर्षीची जनगणना. स्वातंत्र्यानंतर अनेक जनगणनांत आम्हाला धड मोजलंच नव्हतं आणि २००१ लाही वगळायचा बेत होता. आंदोलन झालं, अबिदी त्यातही पुढे, आणि अपंगत्वाचा पंधरावा प्रश्न आत आला. फेब्रुवारीत आमच्याकडे एक शाळामास्तर कागद घेऊन आले. सज्जन माणूस. चौदाव्या प्रश्नापर्यंत आले, माझ्या पायाकडे बघितलं, आणि थेट सोळाव्यावर गेले. मी म्हटलं, "सर, एक राहिला." ते लाजले. "नाही ताई, म्हटलं तुम्हाला कशाला दुखवायचं." मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "ह्या एका प्रश्नासाठी लोक रस्त्यावर बसलेत, तो लिहिल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही." त्यांनी लिहिला. देशात २ कोटी १९ लाख भरलो आम्ही. त्यातली एक मी, चहाच्या कपामुळे. २०११ मध्ये आकडा २ कोटी ६८ लाख झाला, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. लाजाळू मास्तरांमुळे किती गळले देव जाणे. पुढची जनगणना २०२७ ची आहे, कप धुऊन ठेवलेत.

दुखावण्यावरून आठवलं. आम्हाला काय म्हणायचं यावर जेवढा खल झाला तेवढा आम्ही कुठून चढायचं यावर झाला असता तर! लहानपणी मी पांगळी होते, मग अपंग, मधे काही काळ विकलांग, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवर सुचवल्यापासून दिव्यांग. अपंगांच्या कित्येक संघटनांनी तेव्हाच कळवलं होतं की हा शब्द नको. शब्द आला, रुळला, पुण्यातल्या आयुक्तालयाचं नावही बदललं. माझ्या डाव्या पायात दिव्य काय आहे ते मला त्रेसष्ट वर्षांत कळलेलं नाही. मला 'अपंग' चालतं. सरळ शब्द आहे, त्यात दया नाही आणि ओवाळणीही नाही. तरुण मुलांना दुसरा आवडत असेल तर त्यांनी तो वापरावा, त्यांच्याशी मी भांडणार नाही. भांडायला पायऱ्या पुष्कळ आहेत.

पुण्याने खरं तर या बाबतीत पुढे असायला हवं होतं. १९१७ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आपल्या खडकीत. १९४४ चं आर्टिफिशियल लिंब सेंटर आपल्याकडे. कमरेखाली संवेदना गेलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीतच. पण सैनिकाचा पाय गेला तर तो देशाच्या कामी आला, आणि माझा गेला तर आमच्या वाड्यातल्या आजी म्हणायच्या, "गेल्या जन्मीचं असतं हो काहीतरी." एकाच शहरात दोन हिशेब. मनाच्या आजाराचा तर तिसराच. त्यावर भार्गवी दावर यांनी इथे पुण्यात बापू ट्रस्टमार्फत पंचवीस वर्षं काम केलं, मानसिक आजार असलेल्यांनाही हक्क असतात आणि त्यांचं म्हणणं त्यांनाच विचारा, हे त्यांनी जगभर मांडलं. २०२४ मध्ये त्या गेल्या. अपंगांसाठी काम करणाऱ्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तरी निदान लोकांना माहीत आहे.

मेट्रोबद्दल मात्र चांगलं लिहायलाच हवं. मी १९९१ मध्ये कायनेटिक होंडा घेतली होती, मागे दोन जादा चाकं लावून. गिअर नाही, क्लच नाही, आमच्या पिढीच्या अपंगांना या गाडीने जे स्वातंत्र्य दिलं ते कुठल्या योजनेने दिलं नसेल. त्याआधी सिटी बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याला लागायची आणि कंडक्टर मागून बखोटीला धरून वर ढकलायचा. त्यानंतर एवढं मोकळं मला पुन्हा वाटलं ते मार्च २०२२ मध्ये, मेट्रो सुरू झाल्यावर. लिफ्टने वर गेले, खुर्ची डब्यात शिरली, कुणी हात लावला नाही, कुणी "बिचारी" म्हटलं नाही, एका मुलाने तर फोनमधून डोकंसुद्धा वर केलं नाही. केवढं बरं वाटलं! खाली उतरल्यावर पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब होते, दोघांमधलं अंतर माझ्या खुर्चीपेक्षा बोटभर कमी. दुचाक्या बाजूने चढत होत्या. मी रस्त्यावरून गेले.

आता कायदा. २०१६ मध्ये नवा कायदा आला, सातच्या जागी एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलं गेलं, नोकरीतले तीन टक्के चार झाले. (माझं टोपणनाव जुनं झालं.) त्यात लिहिलं होतं की लोकांच्या वापरातल्या इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं जून २०२२ ला संपली. त्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निकाल दिला. रतुरी अंध आहेत, मूळ याचिका २००५ ची. न्यायालय म्हणालं, कायदा सक्ती सांगतो आणि सरकारने त्याखाली केलेला नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. हे मी माझ्या सत्कारवाल्या मंडळींना सांगितलं. ते म्हणाले, "काकू, हॉल भाड्याचा आहे हो."

आपल्याकडे यावरचा निवाडा खरं म्हणजे फार जुना आहे. पैठणचा कूर्मदास. हात-पाय नसलेला. पंढरीला जायचं म्हणून सरपटत निघाला. लऊळपर्यंत पोचला, माढा तालुक्यातलं लऊळ, आणि एकादशीपर्यंत काही पंढरपूर गाठता येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला की मला येववत नाही. आणि विठोबा स्वतः लऊळला आला. आजही तिथे कूर्मदासाची समाधी आहे. कीर्तनात मी ही कथा खूपदा ऐकली, आणि दर वेळी बुवा कूर्मदासाची जिद्द तासभर आळवतात, तो कसा सरपटला, कसा रक्तबंबाळ झाला. विठोबा काय वागला, ते दोन मिनिटांत उरकतात. विठोबाने चार वारकऱ्यांना सांगितलं नाही की त्याला उचलून आणा. विटेवरून उतरून तो गेला. अठ्ठावीस युगं न हललेला देव!

पत्र लांबलं. कात्री लावायची असेल तर अमेरिका कापा, कूर्मदास ठेवा.

माझं मागणं फोटोपुरतं आहे. पुढच्या ३ डिसेंबरला माणसाचा फोटो छापू नका, इमारतीचा छापा. रोज एक सभागृह, एक कचेरी, एक एटीएम, एक शाळा, पायऱ्या किती आणि उतार आहे का, एवढ्या दोन ओळी खाली. मी सुरुवात केली आहे. त्या सत्कारानंतर आठवड्याने त्याच सभागृहात शिवणाची टेप घेऊन परत गेले. स्टेजची उंची तीन फूट भरते. उताराचा साधा नियम एकास बाराचा, म्हणजे छत्तीस फूट लांबी लागेल. डाव्या विंगेतून मध्ये एक वळण देऊन ती बसते, मी मोजून पाहिलं, तिथे सध्या मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीच्या गणपतीची मखर ठेवली आहे. मागच्या दाराला नुसता उंबरा आहे, दोन इंचांचा.

फोटोग्राफरना पाठवणार असाल तर अकरानंतर पाठवा. त्याआधी किल्लीवाले चहाला गेलेले असतात.

आपली,
एक जुनी वाचक,
डहाणूकर कॉलनी, कोथरूड, पुणे